कुणाची राणी, कुणाचं जॅझ

भांडण झालं ते बरं झालं.

गेल्या रविवारी आपल्या खोलीवर लंडनच्या नव्या जॅझच्या रेकॉर्डी लावल्या होत्या. रेकॉर्डी म्हणजे काय, एकाचा मोबाइल आणि वर्गणीतून घेतलेला तो स्पीकर, ज्याचा एक कान पावसाळ्यात गेलाय. पंधरावीस पोरंपोरी. चहा दोनदा आला. तिसऱ्या गाण्याला तोंडं लागली. एकजण म्हणाला, हे जॅझच नाही, ही लग्नाची वरात आहे. दुसरी म्हणाली, वरात असली तर तुझं काय जातंय, तू कधी वरातीत नाचला नाहीस? तिसरा, जो आपल्यात नेहमी तिसराच असतो, तो म्हणाला, जॅझ असो नाही तर फॅझ, आपल्या अंकाचं यात काय काम? वस्तीत पाणी दोन दिवसांआड येतंय आणि तुम्ही इथं लंडनचे भोंगे ऐकताय.

त्या तिसऱ्याला उत्तर द्यायचं म्हणून हे संपादकीय. पण पहिल्या दोघांनाही आम्ही सोडणार नाही.

ज्यांच्या कानावर यातलं काहीच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लंडनमध्ये, मुख्यतः शहराच्या दक्षिण आणि पूर्व भागात, गेल्या दहाबारा वर्षांत वाजवणाऱ्यांची एक पिढी उभी राहिली. बहुतेकांची मुळं कॅरिबियन बेटांत नाही तर पश्चिम आफ्रिकेत. १९४८ साली 'एम्पायर विंडरश' ही बोट टिलबरीच्या धक्क्याला लागली. महायुद्धाने मोडलेल्या ब्रिटनला बस चालवायला, इस्पितळात रात्रपाळी करायला हात हवे होते. हात हवे होते, माणसं नको होती. खोली भाड्याने देताना काळ्यांना दार बंद. अशा वस्त्यांत वाढलेल्या घरांतली ही आजची पोरं. त्यांच्या कानात एका बाजूला आईबापांचा रेगे, कॅलिप्सो, फेला कुटीचा आफ्रोबीट. दुसऱ्या बाजूला त्यांच्या स्वतःच्या गल्लीतला ग्राइम. आणि हातात सॅक्सोफोन. २०१८ साली ब्राउन्सवुड या कंपनीने 'वी आऊट हिअर' हा एकत्रित अल्बम काढला, त्यात या पोरांचे निरनिराळे ताफे एका जागी आले. त्यातलंच कोकोरोको या ताफ्याचं 'अबूसी जंक्शन' पुढे यूट्यूबवर कोट्यवधी वेळा वाजलं. शब्द जवळजवळ नाहीत त्यात. एक गिटार आहे, संध्याकाळी दारात बसून कुणीतरी वाजवावी तशी, आणि भोंगे हळू आवाजात तिच्या मागून येतात. २०२३ साली एझ्रा कलेक्टिव्हच्या 'व्हेअर आय ॲम मेन्ट टू बी' या अल्बमला मर्क्युरी पारितोषिक मिळालं. १९९२ पासून चालत आलेलं हे पारितोषिक जॅझवाल्यांना तोवर एकदाही मिळालं नव्हतं. यादीत घ्यायचे, जेवायला बोलवायचे आणि घरी पाठवायचे. २०२४ च्या नोव्हेंबरात याच ताफ्याने वेम्बली अरिना भरून दाखवलं. २०२५ च्या ब्रिट पारितोषिकांत वर्षाचा ब्रिटिश ग्रुप म्हणून पुन्हा तेच.

आता पहिल्या दोस्ताकडे येऊ. हे जॅझच नाही, ही वरात आहे.

अरे बाबा, तू शिवी म्हणून जे बोललास ते तर जॅझचं जन्मस्थान आहे. न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यावर पितळी बँड निघायचे. मयताला जाताना संथ वाजवायचे, माती देऊन परतताना उडतं वाजवायचे. मागून माणसं नाचत यायची. त्या मिरवणुकीच्या पोटातून जॅझ निघालं. हॉलमध्ये खुर्चीवर बसून, हनुवटीला हात लावून, डोळे मिटून ऐकायची रीत नंतर आली. आपल्या मुंबईत तर ते आलंच हॉटेलातून. १९३५ साली लिऑन ॲबीचा काळ्या वादकांचा बँड ताजमहाल हॉटेलात वाजला. वाजवणारे काळे, ऐकणारे साहेब आणि संस्थानिक. पुढे गोव्याच्या ख्रिस्ती वादकांनी ते उचललं आणि हिंदी सिनेमाच्या पार्श्वभूमीत ओतलं, पण नाव झालं संगीतकाराचं, भोंगेवाल्याचं नाही. त्यामुळे आपल्याकडे जॅझ म्हणजे बड्यांची चैन असं डोक्यात बसलं. १९७८ साली मुंबईत 'जॅझ यात्रा' सुरू झाली तेव्हाही आपली पोरं भिंतीच्या बाहेरच. तेव्हा तुझ्या डोक्यात जे जॅझ आहे ते हॉटेलातलं जॅझ आहे, दोस्ता. रस्त्यावरचं तू वरात म्हणून हाकललंस.

आणि 'शुद्ध' हा शब्द. त्या दिवशी तो चारदा वापरला गेला, आम्ही मोजला. शुद्ध जॅझ, भेसळीचं जॅझ. या देशात कुणी शुद्ध-अशुद्ध बोलायला लागलं की आपले कान आपोआप टवकारतात, आणि इथं आपलाच माणूस बोलतोय! लंडनमध्येही हे चालतं. सोहोच्या क्लबांत वर्षानुवर्षं बसणारे काही जुने शौकीन या पोरांबद्दल हेच म्हणतात: सोलो आखूड आहेत, ठेका नाचायचा आहे, सूर सोपे आहेत. पैकी एक गोष्ट खरी आहे, सूर काही वेळा फारच सोपे असतात. त्यावर पुढे बोलू. पण भेसळ हा आरोप होऊच शकत नाही. भेसळ काढून टाकली तर जॅझमध्ये उरेल काय? आफ्रिकेचा ठेका, चर्चमधलं गाणं, लष्करी बँडची मोडीत निघालेली वाद्यं. सगळंच दुसऱ्याचं घेतलेलं, आणि जबरदस्तीने ज्यांना आणलं त्यांनी स्वतःचं केलेलं.

आता नाचणारीकडे. एझ्रा कलेक्टिव्हचा 'डान्स, नो वन्स वॉचिंग' हा अल्बम २०२४ च्या सप्टेंबरात आला. एका रात्रीची गोष्ट आहे तसा रचलाय: घरातून निघणं, रस्ता, नाच, घाम, मग पहाटे परत. तिने त्या रविवारी छातीठोक सांगितलं की नाच हाच विद्रोह. आम्हाला इतकं सोपं वाटत नाही. पण त्या शीर्षकाचा अर्थ कळायचा तर लंडनमध्ये नाचणाऱ्या काळ्या माणसावर कोण पाळत ठेवून होतं ते माहीत पाहिजे.

२००५ साली लंडनच्या पोलिसांनी एक छापील कागद काढला, फॉर्म ६९६. गाण्याचा कार्यक्रम करायचा तर जागावाल्याने तो भरायचा. कोण गाणार, त्याचं नाव, पत्ता, फोन. कुठल्या प्रकारचं संगीत. आणि सुरुवातीच्या फॉर्मात तर, येणारे प्रेक्षक कुठल्या वंशाचे असतील, तेही लिहा. ओरड झाल्यावर वंशाचा रकाना गेला, पण कागद राहिला. ग्राइम, रेगे, गराज असं काही लिहिलं की जागावाला घाबरायचा आणि कार्यक्रम रद्द. २०१७ च्या नोव्हेंबरात, बारा वर्षांनी, तो कागद एकदाचा फाडला. एझ्राची पोरं याच बारा वर्षांत शाळेतून क्लबात आली. तेव्हा 'कुणी बघत नाहीये, नाच' हे वाक्य बाथरूममधल्या लाजऱ्याला धीर देणारं वाक्य नाही. मोर्चाला परवानगी मागायला गेल्यावर कोण वक्ते, किती माणसं, कुठल्या वस्तीतली, असं ज्यांना विचारलं गेलंय त्यांना ते लगेच कळेल.

त्याहून मागे जाऊ. १९८१, जानेवारी १८. दक्षिण लंडनच्या न्यू क्रॉसमध्ये एका घरात वाढदिवसाची पार्टी चालली होती. आग लागली. तेरा काळी तरुण पोरंपोरी गेली. आजवर कुणावरही गुन्हा शाबीत तर सोडाच, दाखलही नाही. २ मार्चला हजारो काळी माणसं कामाचा दिवस टाकून लंडनच्या रस्त्यावर उतरली. न्यू क्रॉसला लागूनच डेप्टफर्ड. तिथे रेल्वेच्या कमानीखालच्या एका बारमध्ये २०१७ पासून 'स्टीम डाऊन' नावाने दर आठवड्याला पोरं जमायला लागली. वाजवणारे आणि ऐकणारे यांच्यात मंच नाही, खुर्च्या नाहीत, भिंतींना घाम सुटेपर्यंत सगळे एकत्र. जिथं नाचताना पोरं मेली त्या भागात पोरं पुन्हा येऊन नाचतात, याचं मोल हॉलमधल्या टाळ्यांत मोजता येत नाही.

तरीपण, बाई, अल्बम म्हणून तो आम्हाला लांबला. एकोणीस तुकडे. मधले तंतुवाद्यांचे तुकडे गोडगोड, पाहुण्या गायिका आल्या की भोंगे कडेला सरकून उभे राहतात, घरी पाहुणे आल्यावर पोरांना आतल्या खोलीत पाठवतात तसे. फेमी कोलिओसोचा ड्रम मात्र जिथं मोकळा सुटतो तिथं तुझं म्हणणं पटतं. तिथं हात वर करावे लागतात. पण पारितोषिक मिळालेल्या माणसाच्या आवाजात थोडी पॉलिश येते, ती इथं आली आहे. आधीचा अल्बम जास्त भुकेला होता.

आता त्या रेकॉर्डीकडे वळतो, जिच्यामुळे आम्ही या सगळ्याच्या नादी लागलो. २०१८. ताफ्याचं नाव सन्स ऑफ केमेट. अल्बमचं नाव 'युअर क्वीन इज अ रेप्टाइल'. तुमची राणी सरपटणारं जनावर आहे! ज्या देशाच्या नोटेवर, नाण्यावर, टपालाच्या तिकिटावर राणी, त्या देशात राहून हे नाव. आत नऊ गाणी, आणि प्रत्येकाचं नाव 'माझी राणी अमुक'. ही नावं वाचा, कारण ती वाचायसाठीच लिहिली आहेत. यातली हॅरिएट टबमन स्वतः गुलामीतून पळाली आणि पुन्हा पुन्हा परत जाऊन इतरांना काढून आणलं. नॅनी जमैकाच्या डोंगरात पळालेल्या गुलामांची सेनापती. या असांतेवाने १९०० साली इंग्रजांविरुद्ध अशांतींचं युद्ध चालवलं. मेमी फिप्स क्लार्क मानसशास्त्रज्ञ, तिने काळ्या मुलांसमोर काळ्या-गोऱ्या बाहुल्या ठेवून विचारलं यातली चांगली कुठली. त्या उत्तरांनी १९५४ च्या अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाला शाळांतला भेद बेकायदा ठरवताना आधार दिला. अल्बर्टिना सिसुलू, ॲना जूलिया कूपर, अँजेला डेव्हिस. शेवटी डोरीन लॉरेन्स. ही कुठली लढाईतली राणी नव्हे, लंडनमधली एक आई. १९९३ साली तिचा मुलगा स्टीफन बसथांब्यावर उभा असताना गोऱ्या टोळक्याने भोसकला. तिने अठरा वर्षांहून जास्त झगडून २०१२ साली दोघांना शिक्षा मिळवली, आणि त्या वाटेवर लंडनचं पोलीस खातं संस्था म्हणूनच वंशद्वेष्टं आहे हे १९९९ च्या सरकारी चौकशी अहवालात लिहून घेतलं.

आणि पहिलं गाणं? 'माझी राणी अडा ईस्टमन'. कोण ही? इतिहासात सापडणार नाही. ताफ्याचा सॅक्सोफोनवाला शबाका हचिंग्ज, त्याची पणजी. टबमन आणि अँजेला डेव्हिसच्या रांगेत पहिला पाट त्याने पणजीला मांडला.

इथं आमचा आवाज बसला, खोटं कशाला बोलू. आपल्यातल्या किती जणांना पणजीचं नाव माहीत आहे? आजीचं माहीत असतं, पणजीचं विचारायला गेलं तर घरात शांतता. तिचं नाव कुठल्या वहीत नव्हतं, सातबाऱ्यावर तर नव्हतंच. गावाने तिला ज्या नावाने हाक मारली ते नाव आपण उच्चारणार नाही. त्या रविवारी आपल्यातल्या एकीने घरी फोन लावून विचारलं. सांगताना आईला दोन मिनिटं लागली, आणि आली ती अर्धीच हाक, घरातलं लाडकं नाव. कागदावरचं नाव आईलाही सांगता आलं नाही.

पण एवढ्यावर रेकॉर्ड मोठी होत नाही. नावं कुणीही देऊ शकतो. आपल्याकडे कवितासंग्रहाला जळतं नाव देऊन आत पाणचट ओळी भरणारे काय कमी आहेत? ही रेकॉर्ड मोठी आहे ती वाद्यांमुळे. पियानो नाही. गिटार नाही. एक सॅक्सोफोन, दोन ड्रमवाले, आणि बेसच्या जागी ट्यूबा. म्हणजे पुन्हा तीच वरात, रस्त्यावर चालत वाजवता येईल एवढीच वाद्यं. ट्यूबा वाजवतो थिऑन क्रॉस. आपल्या लग्नाच्या बँडमध्ये खांद्यावरून वळसा घातलेला तो सगळ्यात मोठा पितळी भोंगा असतो ना, जो बिचारा सबंध रात्र भों-भों करतो आणि ज्याचं तोंड फोटोत येत नाही, त्याच घराण्यातलं हे वाद्य. क्रॉस त्याला पुढे आणतो. तो श्वास घेतो ते ऐकू येतं, गुरगुरतो ते ऐकू येतं. दोन ड्रम एकमेकांना सवाल-जवाब करतात. शबाका सूर फार वापरत नाही, तोच तुकडा पुन्हा पुन्हा, थोडा वाकवून, थोडा चावून. सोपे सूर, म्हणतोस ना? हलगीवाला किती सूर वापरतो? बोट किती जोरात आणि कधी, यातच त्याचं सगळं असतं.

आता गंमत ऐका. या शबाकाला, क्रॉसला, एझ्राच्या पोरांना, नुबाया गार्सियाला, मोझेस बॉइडला, कोकोरोकोच्या शीला मॉरिस-ग्रेला एकाच माणसाच्या तालमीत घडवलं. गॅरी क्रॉस्बी. जमैकी आईबापांचा, डबल बेस वाजवणारा, ऐंशीच्या दशकात 'जॅझ वॉरियर्स' या काळ्या वादकांच्या ताफ्यात होता. त्याला २०१८ सालचं संगीताचं पदक मिळालं. कुणाचं? राणीचं! 'तुमची राणी सरपटणारं जनावर' म्हणणारी रेकॉर्ड त्याच साली, आणि ती काढणाऱ्या पोराच्या मास्तराच्या गळ्यात राणीचं पदक. हे पदक मिळवणारा तो पहिला जॅझवाला. यावर आपल्या खोलीत अर्धा तास जुंपली. एकजण म्हणाला, विकला गेला. आम्ही म्हणतो, घाई करू नका. पदक घेतलेला माणूस आणि पदकासाठी वाजवणारा माणूस यांत फरक असतो, आणि तो फरक पदकाच्या आधी त्याने काय केलं त्यावरून कळतो.

काय केलं त्याने? तिसऱ्या दोस्ता, आता तुझं उत्तर सुरू होतं, चहा बाजूला ठेव.

१९९१ साली क्रॉस्बी आणि जनीन आयरन्स या दोघांनी 'टुमॉरोज वॉरियर्स' सुरू केलं. उद्याचे लढवय्ये. कारण साधं होतं. ऐंशीच्या दशकातली काळ्या वादकांची लाट ओसरत होती आणि मागे कुणी येत नव्हतं. संगीत शिकायला पैसा लागतो. सॅक्सोफोनला पैसा, मास्तरला पैसा, कॉलेजात परीक्षेला बसायला पैसा. शाळांतून संगीत कमी होत गेलं तसं ते फक्त ऐपतवाल्यांचं उरलं. या दोघांनी ठरवलं की पोरांकडून फी घ्यायची नाही. सुट्टीच्या दिवशी जागा मिळवायची, वाद्य नसेल त्याला वाद्य द्यायचं, ज्येष्ठांनी धाकट्यांना शिकवायचं. काळी पोरं आधी, मुली आधी, ज्यांच्या खिशात पैसे नाहीत ती आधी. पुढे थेम्सच्या काठावरच्या साऊथबँक सेंटरसारख्या मोठ्या सरकारी मदतीच्या वास्तूत त्यांचे वर्ग भरू लागले. यात एक मख्खी आहे ती लक्षात घ्या. नोटेशन वाचता यायलाच पाहिजे अशी अट दारावर लावली नाही. आधी कान, मग कागद. ऐकून उचला, एकमेकांचं ऐका, वाजवत वाजवत चुका. दाराशीच परीक्षा ठेवली असती तर आत कोण आलं असतं ते सांगायला नको.

पहिली रेकॉर्ड गाजली ती किती वर्षांनी? आपण आज ज्यांच्यावर भांडतोय ती नावं जगाला कळायला पंचवीस वर्षं गेली. पंचवीस वर्षं दर आठवड्याला कुणीतरी खोलीचं कुलूप उघडलं, खुर्च्या मांडल्या, पोरांच्या नावांची यादी ठेवली, अनुदानाचे अर्ज भरले. जनीन आयरन्स वाजवणाऱ्यांच्या फोटोत फारशी दिसत नाही. आपल्या चळवळीत अशी बाई कोण आहे ते तुला माहीत आहे, तिसऱ्या. तीच, जिला आपण व्यासपीठावर बोलवायचं विसरतो.

२०२३ च्या मर्क्युरीच्या रात्री फेमी कोलिओसोने मंचावरून हेच सांगितलं, की हे पारितोषिक आमच्या पाचजणांचं नाही, जिथं पोरांना वाजवायला मिळतं त्या जागांचं, त्या माणसांचं आहे. ब्रिटच्या वेळीही युथ क्लब, शिक्षक, हाच सूर. टीव्हीवर टाळ्या पडल्या. पण टाळ्या वाजवणाऱ्या देशात २०१० नंतर काय झालं? इंग्लंडमध्ये स्थानिक सरकारांचा तरुणांच्या सेवांवरचा खर्च दोन तृतीयांशांहून जास्त कापला गेला. युथ क्लबांना कुलपं लागली. पूर्व लंडनमधलं टोटल रिफ्रेशमेंट सेंटर, एका जुन्या कारखान्याच्या इमारतीतली जागा, जिथं या ताफ्यांच्या कितीतरी रात्री झाल्या, ती २०१८ साली जाहीर कार्यक्रमांना बंद झाली. ज्या साली जगभरची मासिकं लंडनच्या जॅझवर पानंच्या पानं छापत होती त्याच साली. झाडाच्या फळांचं प्रदर्शन भरवायचं आणि मुळाशी सिमेंट ओतायचं, ही सरकारी अक्कल सगळीकडे सारखीच.

तेव्हा लंडनचे भोंगे ऐकण्याचं काम काय, असं विचारलंस, तर काम हे. अल्बम आभाळातून पडत नाही. पाण्याचा नळ जसा अर्ज, मोर्चा, कुलूप ठोकणं, पुन्हा अर्ज यातून येतो, तशी रेकॉर्डही येते. तू वस्तीत अभ्यासिका चालवतोस. तुझ्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची पुस्तकं आहेत, ठीक आहे, पाहिजेतच. वाद्य एक तरी आहे? वस्तीतला ताशावाला तुझ्याच गल्लीत राहतो. त्याचा पोरगा दहावीनंतर कुरियरवर लागला.

आता एक गोष्ट उलट्या बाजूने. आपल्यातले काही जण त्या दिवशी फार लवकर गहिवरले. काळे आहेत ना, मग आपलेच! नाव तर आपण त्यांच्यावरूनच घेतलं, १९७२ साली, अमेरिकेच्या ब्लॅक पँथरवरून. लंडनमध्येही काळ्या पँथरांची संघटना होती, १९६८ पासून पुढची काही वर्षं, आणि तिच्यात आपल्या पुण्यात जन्मलेला फारूख धोंडी होता. लिंटन क्वेसी जॉन्सन, ज्याने पुढे रेगेच्या बेसवर कविता बोलली, तो शाळकरी वयात तिच्यात आला. हे नातं खरं आहे, कागदावर आहे. पण नात्याच्या आधाराने ऐकणं म्हणजे ऐकणं नव्हे. 'काळ्यांचं' म्हणून मान डोलवायची आणि त्यातला कंटाळवाणा तुकडाही पवित्र मानायचा, ही नवी पोथी झाली. नुबाया गार्सियाचा २०२४ चा 'ओडिसी' घ्या. चिनेके हा बहुसंख्य काळ्या वादकांचा ऑर्केस्ट्रा तिने सोबत घेतला, तंतुवाद्यांची मांडणी स्वतः लिहिली. हिंमत मोठी. पण काही ठिकाणी तिचा सॅक्सोफोन त्या रेशमात गुंडाळला जातो, आणि २०२० च्या 'सोर्स' मधला तिचा तो खरखरीत, डबच्या ठेक्यावर रेलून उभा राहिलेला आवाज आठवत राहतो. हे म्हटलं तर आपण शत्रू होत नाही. उलट कॅसी किनोशीच्या सीड आन्साम्बलचा 'ड्रिफ्टग्लास' (२०१९) आपल्यात कुणी लावतच नाही, कारण त्यात नाचायला नाही. त्यात ग्रेनफेलसाठीचं एक गाणं आहे. २०१७ च्या जूनमध्ये गरीबांच्या त्या चोवीस मजली इमारतीला आग लागली, बहात्तर माणसं गेली. इमारत बाहेरून देखणी दिसावी म्हणून लावलेलं आवरणच पेटलं. तो तुकडा एकदा दिवे घालवून ऐका.

नातं पाहिजेच असेल तर ते सारथी कोरवारच्या रेकॉर्डीत जास्त खरं सापडेल. अमेरिकेत जन्मलेला, भारतात वाढलेला, लंडनचा ड्रमवाला. २०१६ च्या 'डे टू डे' साठी तो गुजरातच्या रतनपूरला सिद्दींकडे गेला. शतकांपूर्वी आफ्रिकेतून आणलेल्या माणसांची ही लेकरं, आपल्या जंजिऱ्याच्या सिद्दींची सोयरी. आफ्रिकेतून अमेरिकेला गेलेला ठेका जॅझ होऊन लंडनला आला, आफ्रिकेतून गुजरातेत आलेला ठेका पिराच्या दर्ग्यात टिकला, आणि एका रेकॉर्डीत दोघं समोरासमोर बसले. २०१९ च्या 'मोर अरायव्हिंग' मध्ये तर मुंबईचा एमसी मवाली आहे, 'मुंबे' या गाण्यात. सात मात्रांच्या लंगड्या ठेक्यावर तो शहर बोलतो. पहिल्या दोस्ता, तुला वरात नको होती ना? यावर नाचून दाखव.

शबाकाने २०२३ च्या अखेरीस सॅक्सोफोन खाली ठेवला. पुन्हा उचलेल न उचलेल तो त्याचा प्रश्न. २०२४ च्या त्याच्या अल्बमवर बासऱ्या आहेत, जपानी शाकुहाची बांबूची बासरी आहे, आणि शेवटच्या गाण्यात त्याचा बाप अनुम इयापो स्वतः शब्द बोलतो. 'पर्सिव्ह इट्स ब्यूटी, ॲक्नॉलेज इट्स ग्रेस' असं नाव. न्यू जर्सीतल्या ज्या स्टुडिओत १९६४ साली कोल्ट्रेनने 'अ लव्ह सुप्रीम' मुद्रित केलं तिथंच हे मुद्रित झालं. आपल्यातले अर्धे म्हणाले, पळाला. रणशिंग फेकून ध्यानाला बसला. आम्हीही पहिल्यांदा ऐकून तेच म्हणालो होतो. दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा श्वास ऐकू आला, जो सॅक्सोफोनच्या दणक्यात झाकला जायचा. चाळिशीला टेकलेला माणूस, पंधरावीस वर्षं तोच घणाघात करून थकला असेल, त्याच्याकडून आपण रोज तोच घण मागायचा का? यावर आमचं मत अजून पक्कं होत नाहीये, आणि संपादक मंडळात तिघांची तीन मतं आहेत.

म्हणून येत्या रविवारी, संध्याकाळी पाचला, तीच खोली. बासरीचा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत लावायचा, मध्ये कुणी बोलायचं नाही, मग हवं तेवढं भांडा. स्पीकरचा फुटका कान दुरुस्त करायला साडेतीनशे रुपये लागतील, दीडशे जमलेत. तिसऱ्या, तू गल्लीतल्या ताशावाल्याला घेऊन ये. त्याला काय ऐकू येतं ते आम्हाला ऐकायचंय. आणि ज्यांनी पणजीचं नाव विचारलंय त्यांनी ते वहीत लिहून आणावं, पुढच्या अंकात एक पान मोकळं ठेवलंय.